जुन्या चहाचे तोतये

जुनेपणाला मोल असते, ही गोष्ट आपल्याकडच्या स्वयंपाकघराला नव्याने शिकवावी लागत नाही. वर्ष-दोन वर्षे कणगीत मुरलेला तांदूळ नव्या तांदळाहून मोकळा शिजतो हे कोणतीही गृहिणी सांगेल, आणि आयुर्वेदाने तर पुराणघृताला, म्हणजे वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या तुपाला, ताज्या तुपाहून अगदी निराळे गुण दिले आहेत. परंतु जुन्या वस्तूच्या व्यापारात एक अडचण जन्मजातच असते. रंग डोळ्यांना दिसतो, वजन तागडीत पडते, वास नाकाला कळतो. वय मात्र कोणत्याही इंद्रियाला थेट गोचर होत नाही, ते विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि विकणारा तर ते सांगण्यास नेहमीच उत्सुक असतो. या अडचणीचा सविस्तर इतिहास जर कोणत्या एका जिनसाच्या पोटात साठवलेला असेल, तर तो चीनच्या नैर्ऋत्येस, युनान प्रांतात होणाऱ्या पु-अर चहाच्या.

आपण सकाळ-संध्याकाळ जो पितो, त्याच्याशी या चहाचे नात्यापुरतेच साम्य. मोठ्या पानांच्या झाडांची पाने खुडून, कढईत परतून, हातांनी मळून, उन्हात वाळवतात. मग ती वाफेवर मऊ करून कापडी पिशवीत भरतात आणि जड दगडाखाली दाबून त्यांची चपटी, वाटोळी चकती करतात. गुळाच्या लहान ढेपेची कल्पना केली तर आकार डोळ्यांपुढे येईल. अशी चकती हवेशीर जागी ठेवली, तर तिच्यातील कडूपणा आणि तुरटपणा वर्षागणिक ओसरतो, पाण्याचा पिवळट रंग लालसर होत जातो, आणि दोन-तीन दशकांनी जुन्या लाकडाचा आणि कापराचा भास देणारा एक खोल, शांत स्वाद तिला येतो. जितके वय अधिक तितका भाव अधिक. आणि जिथे भाव वयाला आहे, तिथे वय बनवणारे कारागीर उत्पन्न होणे क्रमप्राप्तच आहे.

या कारागिरांची वंशावळ पु-अर चहाहूनही जुनी आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास, सुंग घराण्याच्या अमदानीत, फुज्यान प्रांतात बादशाही चहाची जी निगराणी चाले तीवर अंमलदारी केलेला त्साई श्यांग याने चहावर एक लहानसा ग्रंथ लिहून तो बादशहाच्या नजरेस आणला. त्या काळीही उत्तम चहा वड्यांच्या रूपानेच येई, आणि त्या वड्यांच्या पृष्ठभागाला सुगंधी लेप लावून त्यांना हवा तो रंग आणण्याची चाल पडलेली होती. म्हणून त्साई श्यांग सांगतो की, चहाचा खरा पारखी हा मुखसामुद्रिक जाणणाऱ्यासारखा असावा. त्याने कांती पाहावी पण ती आतून उमटलेली आहे की बाहेरून चोपडलेली, हे ओळखावे. दरबारी नजराण्याच्या चहात सुगंधासाठी कापूर मिसळला जाई, याचीही नोंद तो करतो, आणि चहाच्या अंगच्या वासाला त्याने बाध येतो असे आपले मतही देतो. स्वतः अंमलदार असलेल्या मनुष्याने दरबारी चहातील मिश्रणाविषयी बादशहासाठीच लिहिलेल्या ग्रंथात इतके स्पष्ट लिहावे, याचे मला फार कौतुक वाटते.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याच मुलखातील ह्वांग रू नावाच्या विद्वानाने चहाच्या दहा दोषांवर एक पुस्तिका लिहिली, आणि माझ्या मते चहाच्या बाजारातील लबाडीविषयी तीहून नेमके असे त्यानंतरही फारसे कोणी लिहिलेले नाही. तिसऱ्या दोषात परक्या पानांची भेसळ येते. त्यात टेंभुर्णीच्या कुळातील एका झाडाच्या पानांचा उल्लेख आहे, ज्याच्या भावकीतल्या पानांच्या आपल्याकडे विड्या वळतात. पण ग्रंथाचे सार शेवटच्या, दहाव्या प्रकरणात आहे. ह-युआन आणि शा-शी ही दोन खोरी एकमेकांकडे पाठ करून वसलेली, मध्ये केवळ एक डोंगराची सोंड. अंतर काही कोसांचेही नाही, परंतु ह-युआनच्या चहाला दहा मिळतात तेव्हा शा-शीच्या चहाला पाच. वसंतातील पहिला मेघ गडगडला आणि मळ्यांत टोपल्या उचलल्या गेल्या की ह-युआनच्या दारांशी व्यापारी येऊन उभे. कोणी आगाऊ रक्कम ठेवून जातात, कोणी पाने पसरली जात असतानाच किमतीची चढाओढ लावतात. साहजिकच मागणीइतका माल त्या खोऱ्यात कधीच निघत नाही. मग तिथलेच धूर्त मळेवाले डोंगरापलीकडून शा-शीची पाने गुपचूप आणतात आणि आपल्या घरच्या साच्यात घालून त्यांच्या वड्या पाडतात. गिऱ्हाईक नावामागे धावते, साचा ओळखीचा पाहून समाधान पावते, आणि आत काय आहे हे पाहण्याच्या भरीला पडत नाही. जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आहे. खोऱ्यांची नावे तेवढी बदलली की ते आजच्या युनानला तंतोतंत लागू पडते. तिथे लाओबानचांग नावाच्या एका डोंगरी खेड्याच्या चहाला इतका भाव आला, की बाहेरची पाने आत येऊ नयेत म्हणून गावाच्या वाटेवर नाके बसवावे लागले.

पु-अर चहाच्या तर नावातच थोडीशी फसगत आहे. 1729 साली छिंग सरकारने युनानच्या दक्षिण भागात पु-अर नावाचा जिल्हा स्थापून त्या मुलखाचा वसूल आणि चहाची पेठ आपल्या ताब्यात घेतली; आणि 1735 साली असा कायदा ठरला की व्यापारी चहाच्या सात चकत्यांचा एक पुडा बांधावा, त्याचे वजन 49 लियांग असावे, आणि असे 32 पुडे मिळून एक परवाना व्हावा. आजही जुन्या पद्धतीची चकती 357 ग्रॅमची आणि सात चकत्यांचा पुडा अडीच किलोचा असतो, तो या महसुली हिशेबाचाच वारसा. परंतु 1825 साली या चहावर टिपण लिहिणाऱ्या रुआन फू याने तेव्हाच बजावून ठेवले होते की ज्याला पु-अरचा चहा म्हणतात तो पु-अरला होतच नाही. तो होतो दक्षिणेकडच्या सहा चहाच्या डोंगरांवर, आणि पु-अर ही केवळ त्याची पेठ. बाजाराचे नाव मालाला चिकटण्याचा हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही. गंमत अशी की पुढे 2007 साली, चहाचे भाव आभाळाला भिडलेले असताना, शेजारच्या स्माओ शहराने आपले जुने नाव टाकून ‘पु-अर’ हे नाव अधिकृतपणे धारण केले.

हा चहा मुरवण्याचा विचार मुळात कोणी केलेला नव्हता. खेचरांचे तांडे तो घेऊन उत्तरेस लिच्यांगकडून ल्हासापर्यंत आणि पूर्वेस पेकिंगच्या दरबारापर्यंत महिनोन् महिने चालत. ऊन, पाऊस आणि जनावरांच्या घामाची वाफ लागून चकत्या वाटेतच पालटत. जो पालट दूरत्वाने आपोआप घडला, तोच पुढे गुण म्हणून ओळखला गेला. 1930 च्या सुमारास या तांड्यांच्या एका वाटेने चमत्कारिक वळण घेतले: युनानमधल्या मंगहाईचा चहा ब्रह्मदेशातून रंगूनला, तिथून जहाजाने कलकत्त्याला, पुढे आगगाडीने सिलिगुडीला आणि कालिंपाँगवरून पुन्हा खेचरांच्या पाठीवर तिबेटात जाऊ लागला. चीनच्या एका प्रांतातून चीनच्याच सरहद्दीवरील मुलखाला जाण्याचा सोयीचा मार्ग त्या काळी हिंदुस्थानातून होता.

या ठिकाणी थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी, कारण चिनी व्यापाऱ्याच्या लबाडीवर बोट ठेवताना आपल्या बोटांकडेही पाहणे न्यायाचे ठरेल. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ 1848-49 च्या सुमारास वेष पालटून चीनच्या हिरव्या चहाच्या मुलखात फिरला, तेव्हा त्याने कामगारांची बोटे निळी झालेली पाहिली. चहाला मोहक हिरवा रंग यावा म्हणून प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आणि जिप्समची पूड त्यात मिसळली जात होती. रंगवलेला शंभर पौंड चहा पिणारा विलायती मनुष्य अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम पितो, असा हिशेब त्याने मांडला. चिनी लोक स्वतः असला चहा पीत नसत. विलायतेच्या गिऱ्हाइकाला हिरवा रंग आवडे म्हणून त्याला तो मिळे. आता चीनच्याच कँटन बंदरात मुंबईचे व्यापारी काय पाठवत होते? अफू आणि कापूस. आणि या कापसात सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवण्याचा प्रघात इतका मातला होता, की मुंबई सरकारला 1829 साली आणि पुन्हा 1863 साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदे करावे लागले. निळ्या चहाच्या मोबदल्यात ओला कापूस, असा तो एकंदर सौदा होता.

आता पुन्हा युनानकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यिवू या डोंगरी पेठेत चहाच्या ज्या पेढ्या भरभराटीला आल्या, त्यांत तुंगछिंग हाओ ही विशेष नामांकित. आपल्या नावाचा खोटा माल बाजारात फिरतो हे पाहून या पेढीने चकत्यांच्या पुड्यात एक छापील चिठ्ठी घालण्यास सुरुवात केली; आपला चहा यिवूच्या खऱ्या डोंगरावरचा आहे आणि खऱ्याखोट्याचा निवाडा व्हावा म्हणून ही चिठ्ठी घातली आहे, असा तिचा आशय. पुढे चिठ्ठीचीही नक्कल झाली, तेव्हा 1920 साली पेढीने चिठ्ठीवरील घोड्याच्या चित्राऐवजी सिंहांची जोडी छापली. दुसऱ्या पेढ्यांनी पाने दाबतानाच चकतीच्या पोटात लहान चिठ्ठी रोवण्याची युक्ती काढली, म्हणजे चकती फोडल्याशिवाय ती बदलता येऊ नये. हे सारे वाचताना पानिपतानंतरच्या पुण्याची आठवण होते. सदाशिवरावभाऊ जिवंत परतले म्हणून जो तोतया उभा राहिला त्याला ओळखण्यासाठी साक्षी-पुरावे झाले, खाणाखुणा तपासल्या गेल्या, चौकशा चालल्या, आणि 1776 साली त्याला देहांत शासन झाले तरी ‘तोच खरा’ म्हणणारे लोक शिल्लक राहिलेच. चहाच्या चकतीला तर साक्षीदारही नसतात. जी खूण पटवण्यासाठी निर्माण होते, तीच तोतयाच्या हातातील सनद बनते. पु-अर चहाच्या पुढच्या सगळ्या इतिहासाला मी हेच एक सूत्र लावीन.

क्रांतीनंतर खाजगी पेढ्या गेल्या आणि सरकारी कंपनी आली. तिने 1951 साली नोंदवलेल्या बोधचिन्हात मध्ये ‘चहा’ आणि भोवती आठ वेळा ‘चीन’ ही चिनी अक्षरे होती. मधले अक्षर लाल, हिरवे वा पिवळे असे, आणि त्यावरून ‘लाल छाप’, ‘हिरवी छाप’ ही नावे पुढे रूढ झाली. वेष्टनावर वर्ष छापण्याची पद्धत नव्हती. तेच वेष्टन कितीतरी वर्षे चाले. 1976 पासून निर्यातीच्या मालाला चार आकडी क्रमांक देण्यात आले, आणि इथे बाजाराला एक नवेच रान मोकळे झाले. 7542 या प्रसिद्ध क्रमांकात 75 म्हणजे ज्या वर्षी मिश्रणाची कृती ठरली ते 1975 साल, 4 म्हणजे पानांची प्रत, आणि 2 म्हणजे मंगहाईचा कारखाना. चकती कोणत्या वर्षी दाबली याचा या आकड्यांत मागमूसही नाही. गेल्या वर्षी बनलेल्या चकतीवरही 7542 च असतो. तथापि ‘पंच्याहत्तरचा माल आहे’ हे वाक्य ऐकून किती गिऱ्हाइकांनी थैल्या मोकळ्या केल्या असतील, त्याची गणती कोण ठेवणार?

दरम्यान या चहाचे खरे पिणारे हाँगकाँगला होते. तिथल्या उपाहारगृहांत तो ‘पो-लेइ’ या नावाने, वाफवलेल्या खाद्यपदार्थांबरोबर, कित्येकदा शेवंतीची फुले घालून, अगदी स्वस्तात मिळे. नव्या चहाचा कडूपणा गिऱ्हाइकाला नको, आणि वीस वर्षे माल अडकवून ठेवणे व्यापाऱ्याला परवडेना. म्हणून दमट तळघरांत चकत्या रचून, त्यांच्यावर मुद्दाम ओल आणि उष्मा आणून, थोड्या वर्षांत त्या काळ्या करण्याची वहिवाट पडली. 1973 साली युनानच्या सरकारी कारखान्यांतील तंत्रज्ञ ग्वांगडाँगला जाऊन असलीच एक पद्धत पाहून आले, आणि कुनमिंगला परतून त्यांनी ओली पाने ढिगाने रचून, झाकून, अधूनमधून उलथून, बुरशीच्या साहाय्याने दीड-दोन महिन्यांत पिकवण्याचे तंत्र बसवले. यातूनच ‘पिकवलेला’ पु-अर हा निराळा प्रकार जन्मला. आता याला काय म्हणावे? हेतू तर उघड उघड जुन्याची नक्कल करण्याचाच होता. परंतु आपण नक्कल आहोत हे त्याने लपवले नाही, स्वतःचे नाव घेतले, आणि म्हणून तो प्रामाणिक ठरला. आज चीनमध्ये लाखो लोक तो आवडीने पितात, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील हा एकमेव अब्रूदार तोतया.

मोठा गोंधळ झाला तो तैवानमुळे. हाँगकाँगच्या जुन्या उपाहारगृहांच्या आणि वखारींच्या कोपऱ्यांत पडून राहिलेला पन्नास-साठ वर्षांचा माल तैवानच्या रसिकांच्या हाती लागला, आणि 1995 साली तंग शिहाई यांचे पु-अर चहावरचे पुस्तक तिथे प्रसिद्ध झाले. जुन्या पेढ्यांचे चहा, त्यांची नावे, वेष्टने, चिठ्ठ्या, छायाचित्रे, सारे त्यात आले. जाणकारांना तो ग्रंथ आधार झाला. बनावट माल करणाऱ्यांना तो नमुनासंग्रह झाला. कोणती चिठ्ठी कशी होती, कागद कसा होता, छाप कुठे बसत होती, हे आता प्रत्येक छापखान्याला घरबसल्या कळू लागले. 2007 च्या वसंतापर्यंत भाव असे चढले की लोक घरातल्या गाद्यांखाली चहा साठवू लागले. त्या उन्हाळ्याच्या आत ते कोसळले, आणि त्यानंतरच्या वर्षी सरकारने नियम केला की युनानच्या ठरावीक मुलखातील मोठ्या पानांच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच पु-अर म्हणता येईल. प्रांताची हद्द यामुळे निश्चित झाली. वयाची हद्द मात्र कोणत्याही नियमाने आखता आली नाही.

आज ग्वांगचौच्या फांगछुन पेठेत, म्हणजे चहाच्या ठोक व्यापाराच्या सर्वांत मोठ्या बाजारात, किंवा कुनमिंगच्या एखाद्या चहा-बाजारात गिऱ्हाईक शिरले, की त्याच्यापुढे जुनेपणाचा जो संभार मांडला जातो, त्याची घडण समजून घेतली तर बरेच नुकसान टळते. वेष्टन चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे करता येते, कडा घासून झिजवता येतात, कसरीने खाल्ल्याची भोकेही पाडता येतात. परंतु ज्या कागदाने खरोखर तीस वर्षे चकतीला मिठी मारलेली असते, त्याच्या आतल्या बाजूस पानांतल्या तेलाचे डाग अनियमितपणे उमटलेले असतात, आणि चकतीत दाबलेल्या चिठ्ठीवर पानांचे ठसे रुतलेले असतात. वरवर चिकटवलेली चिठ्ठी नखाने सहज सुटते. कुबट, तळघरासारखा वास आला तर माल ओलीत वाढवलेला समजावा. ओलीचा चहा प्यावा की नाही हा रुचीचा प्रश्न, पण त्याला वीस वर्षांचे मोल देऊ नये. पाणी लाल असले तरी नितळ हवे, गढूळ नव्हे. आणि सर्वांत बोलका पुरावा किटलीच्या तळाशी असतो: सावकाश मुरलेल्या चहाची भिजलेली पाने तपकिरी होऊनही मऊ, लवचीक राहतात, चिमटीत उलगडतात, उष्णता देऊन म्हातारी केलेली पाने काळी, ताठ, कोळशासारखी होतात आणि उलगडता उलगडत नाहीत. सगळ्या चकत्या एकाच रंगाच्या, सगळ्या पुड्यांची बांबूची साल एकसारखी जीर्ण, आणि दुकानदाराची आजोबांविषयीची हकीकत अति तपशीलवार, अशी तीन लक्षणे एकत्र दिसली तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. मुख्य म्हणजे, चकती न फोडता सौदा करू नये. जो विक्रेता एक घोट चाखू देत नाही, त्याचा माल फक्त पाहण्यापुरताच असतो.

अलीकडच्या काळातील ज्या चहाचे तोतये सर्वांत अधिक आढळतात, त्याची कथा सांगून थांबतो. मंगहाईच्या कारखान्यात 1989 पासून पुढच्या काही वर्षांत दाबलेल्या 7542 च्या चकत्या हाँगकाँगला आल्या, तेव्हा त्या कच्च्या आणि कडू म्हणून त्यांना गिऱ्हाईक नव्हते. एका व्यापाऱ्याने त्या घेतल्या, आणि तळघराच्या ओलीत न घालता कोरड्या जागी तशाच राहू दिल्या. पुढे त्या ‘88 चा कच्चा’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि जाणत्यांच्या जगात कीर्ती पावल्या. 88 हे साल म्हणून घातलेले नव्हते. कँटनच्या बोलीत आठाचा उच्चार समृद्धीच्या शब्दाजवळ जातो, एवढ्यासाठी ते निवडले होते. आज त्या नावाने बाजारात येणाऱ्या बनावट चकत्या विकताना दुकानदार आवर्जून सांगतो की हा माल 1988 सालचा आहे.